पासवर्ड बदलला तरी चोर आतच: हॉटेलच्या काउंटरवरची घुसखोरी शोधताना आणि निस्तरताना

बार्देशातल्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवर इंग्लंडहून फोन आला. पाहुण्याचा प्रश्न सरळ होता: बुकिंगचे पैसे भरलेत, मग कार्डाची पडताळणी पुन्हा कशाला? निरोप बुकिंग पोर्टलच्या खऱ्या चॅटमध्येच आला होता. नाव, तारखा, खोलीचा प्रकार, रक्कम, सगळं बरोबर. खाली एक लिंक, आणि चोवीस तासांत पडताळणी केली नाही तर आरक्षण रद्द होईल अशी तंबी. हॉटेलमधल्या कुणीच असा निरोप पाठवलेला नव्हता. असेच आणखी फोन येऊ लागले, तेव्हा अशा घुसखोऱ्या तपासणाऱ्या आमच्या टीमला बोलावणं आलं.

अशा वेळी काउंटरवरून पहिलं वाक्य ऐकू येतं, 'पोर्टलच हॅक झालंय.' तसं क्वचितच असतं. पाहुण्यांची यादी, तारखा आणि चॅट हे तिन्ही एकत्र दिसतं ते हॉटेलच्या पोर्टलवरच्या खात्यात, ज्याला सगळे एक्स्ट्रानेट म्हणतात. चोर तिथे हॉटेल म्हणूनच बसलेला असतो. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये याच धाटणीच्या एका मोहिमेचा तपशील प्रसिद्ध केला. डिसेंबर २०२४ पासून बुकिंग डॉट कॉमच्या नावाने बनावट ईमेल हॉटेलांना धाडल्या जात होत्या, आणि लक्ष्यांमध्ये दक्षिण आशियातली हॉटेलंही होती. गोव्यासारख्या ठिकाणी, जिथे ऐन सीझनमध्ये काउंटरवरची मुलं दिवसाला शेकडो मेल उघडतात, तिथे हा सापळा लागू पडतो यात नवल नाही.

पोचल्यावर पहिलं काम कागदावरचं. एक कोरा कागद घ्यायचा आणि त्यावर वेळ, कोणी काय पाहिलं, कोणी काय केलं, एवढंच लिहीत जायचं. घटना लक्षात आल्याची वेळ सर्वांत वर, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तिथून सहा तासांत कळवावं लागतं. हा नियम फक्त बँकांना आहे असा अनेक मालकांचा समज असतो. तो सरकारी कार्यालयांना, मध्यस्थ सेवांना आणि कंपन्यांनाही आहे. सहा तासांत तपास पुरा होत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. काय दिसलं, कधी दिसलं, कोणत्या यंत्रणेवर, आणि आतापर्यंत काय केलं, एवढ्यावर पहिला अहवाल जातो. उरलेलं नंतर जोडता येतं.

दुसरं, रिसेप्शनचा संगणक बंद करायचा नाही. त्याची नेटवर्कची केबल काढायची, वायफाय बंद करायचं आणि तो तसाच चालू ठेवायचा. बंद केला की मेमरीतलं सगळं जातं, आणि या प्रकारचे प्रोग्रॅम बरेचदा डिस्कवर काही न ठेवता मेमरीतच चालतात. याला अपवाद एकच: फायली डोळ्यांदेखत एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होत आहेत आणि यंत्र नेटवर्कपासून कसंच तोडता येत नाही, तर मात्र सरळ बंद करावं. इथे तसं काही नव्हतं.

मग खातं ताब्यात घ्यायचं, पण त्या संगणकावरून नाही आणि हॉटेलच्या वायफायवरूनही नाही. मालकाचा फोन, मोबाइल डेटा, नवीन ब्राउझर. इथे क्रमाला फार महत्त्व आहे. हॉटेलने आदल्या रात्रीच पासवर्ड बदलला होता, तरी निरोप जातच होते. याचं कारण असं, की एकदा लॉगिन झालं की पोर्टल ब्राउझरला एक कुकी देतं, आणि ती कुकी ज्याच्याकडे तो आत. तिला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. चोराने कुकीच नेलेली असली तर पासवर्ड बदलून त्याचं काही बिघडेलच असं नाही. शिवाय हॉटेलने तो बदलला होता त्याच बाधित संगणकावरून, म्हणजे नवा पासवर्डही गेलाच असं धरून चालावं लागतं.

म्हणून आधी चालू सेशन, म्हणजे उघडी राहिलेली लॉगिन्स, मोडायचे. सगळीकडून साइन-आउट करण्याचं बटण सगळ्याच पोर्टलवर नसतं. नसेल तिथे भागीदार-सहाय्य क्रमांकावर फोन करून खातं गोठवून घ्यायचं आणि सेशन त्यांच्याकडूनच संपवून घ्यायचे. मग वापरकर्त्यांची यादी. त्यात एक अनोळखी नाव सापडलं, हॉटेलच्या नावाशी जुळणारं, मधलं एक अक्षर बदललेलं. असं नाव दिसलं की हात शिवशिवतात, पण काढण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा: नाव, ईमेल, तयार झाल्याची वेळ, आयपी पत्ता. त्यानंतरच काढायचं. पुढे निरोपांचे ठरलेले मसुदे आणि स्वयंचलित उत्तरं, कारण चोर तिथे लिंक पेरून ठेवतो आणि मग प्रत्येक नव्या बुकिंगला ती आपोआप जाते. त्यानंतर पैसे जमा होण्याचं बँक खातं, संपर्काचा फोन, संपर्काची ईमेल, आणि चॅनेल मॅनेजरला, म्हणजे सगळ्या पोर्टलवरच्या खोल्या आणि दर एका जागी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, दिलेल्या जोडण्या. हे सगळं तपासून झाल्यावर मग पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी.

ईमेलचंही तेच. मायक्रोसॉफ्ट ३६५ वर प्रशासकाने सेशन रद्द केले तरी हातात असलेला टोकन, म्हणजे लॉगिनचा तात्पुरता परवाना, साधारण साठ ते नव्वद मिनिटं चालू शकतो, तेव्हा दीड तास तरी लॉगिनच्या नोंदींवर नजर ठेवायची. मेलबॉक्समधले नियम उघडून पाहायचे. चोराचे नियम बहुधा एका टिंबाच्या नावाचे असतात आणि ठरावीक शब्दांचे मेल आरएसएस फीडच्या फोल्डरमध्ये ढकलतात, जिथे कुणी कधी जात नाही. बाहेर फॉरवर्ड होतंय का, दुहेरी पडताळणीत अनोळखी फोन जोडलाय का, आणि खात्याला जोडलेली परकी ॲप्स कोणती आहेत. ही ॲप्स पासवर्ड बदलल्यावरही जोडलेली राहतात आणि सर्वांत जास्त विसरली जातात ती हीच.

हे चालू असतानाच एका माणसाला पूर्णवेळ पाहुण्यांच्या कामाला बसवायचं. आमच्या मते तपासापेक्षा हे आधी. दर मिनिटाला कुणीतरी त्या लिंकवर कार्डाचा क्रमांक टाकत असू शकतो. ज्यांचं चेक-इन सर्वांत जवळ त्यांच्यापासून सुरुवात करायची, कारण प्रवासाच्या घाईतला माणूस लवकर पैसे भरतो. निरोप तीन वाक्यांचा: आमच्या खात्यातून खोटे संदेश गेले आहेत, आम्ही कार्डाचा तपशील कधीही लिंकवर मागत नाही, पैसे भरले असतील तर ताबडतोब बँकेला कळवा आणि आमच्या या क्रमांकावर फोन करा. त्या निरोपात लिंक घालायची नाही, एकही नाही. ज्यांनी भारतातून पैसे भरले त्यांना लगेच १९३० वर फोन करायला आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवायला सांगायचं. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. परदेशी पाहुण्याने कार्ड गोठवून आपल्या बँकेकडे व्यवहाराविरुद्ध दावा लावायचा. हॉटेलची तक्रार गोवा पोलिसांच्या रायबंदरच्या सायबर गुन्हे ठाण्यात.

आता तो संगणक.

सर्वांत आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की. विंडोज ११ मध्ये डिस्क अनेकदा मालकाच्या नकळत एन्क्रिप्ट झालेली असते. यंत्र एकदा बंद झालं आणि की हाती नसली, तर पुरावा कुलपात आणि किल्ली समुद्रात. चालू यंत्रावर मॅनेज-बीडीई ही आज्ञा देऊन ती वाचून घेता येते. मग मेमरीची प्रत. एफटीके इमेजर फुकट मिळतो आणि पेन ड्राइव्हवरून चालतो. आठ जीबी मेमरी असेल तर तेवढ्याच आकाराची फाइल तयार होते, आणि इथे बरेच जण अडकतात: पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीच्या पुढची फाइल त्यावर मावत नाही आणि प्रत मध्येच तुटते. एक्सफॅट किंवा एनटीएफएस हवा. त्यानंतर यंत्र बंद करून, राइट-ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं साधन) लावून डिस्कची पूर्ण प्रत, आणि तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे प्रतीचा जणू बोटाचा ठसा, कागदावर उतरवून दोघांच्या सह्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावाच लागतो. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. महिन्याभराने हॅश काढून 'हीच ती प्रत' म्हणण्याला अर्थ उरत नाही. एसएसडी डिस्कचा आणखी एक त्रास असा, की पुसलेला डेटा ती स्वतःच लवकर साफ करते. त्यामुळे उद्या बघू म्हणून चालत नाही.

घुसखोरी कुठून झाली हे विचारण्याचीही एक पद्धत आहे. कोणत्या लिंकवर क्लिक केलंत, असं विचारलं की समोरचा माणूस आक्रसतो आणि उत्तर नाहीच येतं. काउंटरवरची मुलगी ठामपणे म्हणाली, "दादा, मी काहीच डाउनलोड केलं नाही." तिचं शब्दशः खरं होतं. आम्ही विचारलं, गेल्या काही दिवसांत एखाद्या पानाने कीबोर्डवरची बटणं दाबायला सांगितली का? "हो, ती कॅप्चा होती. रोबो नाही म्हणून दाखवायची."

हाच तो क्लिकफिक्स, २०२४ पासून सर्रास दिसणारा प्रकार. पाहुण्याची तक्रार म्हणून मेल येते, खोलीत ढेकूण होते वगैरे, आणि 'तपशील पाहा' म्हणून लिंक. उघडलेल्या पानावर रोबो नसल्याची खूण करायची चौकट. तिच्यावर क्लिक केलं की पान गुपचूप एक आज्ञा क्लिपबोर्डवर ठेवतं आणि तीन पायऱ्या दाखवतं: विंडोजचं बटण आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. म्हणजे रनची चौकट उघडा, पेस्ट करा, चालवा. माणूस स्वतःच्या हाताने चोराची आज्ञा चालवतो. ब्राउझरचा इशारा येत नाही, कारण डाउनलोड झालेलंच नसतं. ईमेलच्या गाळणीलाही काही सापडत नाही, कारण मेलला फाइल जोडलेलीच नसते.

आणि याची खूण राहते ती विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली मांडणी जिथे नोंदवून ठेवतं तिथे, वापरकर्त्याच्या शाखेत, एक्सप्लोररच्या खाली, रन-एमआरयू नावाच्या कीमध्ये. रनच्या चौकटीत जे जे चालवलं ते तिथे ए, बी, सी अशा अक्षरांखाली साठतं, प्रत्येक ओळीच्या शेवटी तिरपी रेघ आणि १ हा आकडा. कोणतं सर्वांत अलीकडचं ते एमआरयू-लिस्ट या नोंदीतल्या अक्षरांच्या क्रमावरून कळतं. या यंत्रावर पहिलं अक्षर होतं सी. त्याखाली एमएसएचटीए (वेबवरची स्क्रिप्ट चालवू शकणारा विंडोजचाच प्रोग्रॅम), मग एक परका पत्ता, मग भरपूर मोकळी जागा, आणि शेवटी इंग्रजीत 'मी रोबो नाही, पडताळणी क्रमांक अमुक'. ती शेपटी मुद्दाम लावलेली असते. रनची चौकट अरुंद, त्यामुळे पेस्ट केल्यावर आज्ञेचा फक्त शेवट नजरेस पडतो. त्या मुलीला दिसलं ते पडताळणीचं वाक्यच. दोष तिचा नाही, आणि हॉटेलच्या व्यवस्थापकालाही आम्ही ते स्पष्ट सांगितलं. ज्या काउंटरवर माणसाला नोकरी जाण्याची भीती असते, तिथे पुढची घुसखोरी उशिरा कळते.

रन-एमआरयूमध्ये वेळ फक्त शेवटच्या बदलाची मिळते, म्हणून ती प्रीफेचशी, म्हणजे चाललेल्या प्रोग्रॅमांच्या विंडोजने ठेवलेल्या फायलींशी, ताडून पाहायची. प्रीफेचमध्ये प्रोग्रॅम शेवटच्या आठ वेळा कधी चालला ते असतं. एमएसएचटीएची फाइल तिथे दिसली आणि वेळ रजिस्ट्रीशी जुळली. ब्राउझरच्या इतिहासात त्याच्या मिनिटभर आधी ते बनावट पान. पॉवरशेलच्या (विंडोजला लेखी आज्ञा देण्याच्या सोयीच्या) नोंदींत ४१०४ क्रमांकाच्या काही ओळी होत्या. त्यांचं पूर्ण नोंदणं मुळात चालू नसतं, पण संशयास्पद वाटलेले तुकडे विंडोज आपणहून नोंदवतं, आणि इथे नशिबाने तेच मिळाले. विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसच्या नोंदींत १११६ म्हणजे काही सापडलं, ५००१ म्हणजे संरक्षण बंद केलं गेलं. दोन्ही नव्हते. म्हणजे अँटिव्हायरसला काही दिसलंच नव्हतं. ज्यांना रनची चौकट बंद असलेली भेटते ते चोर आता फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत पेस्ट करायला लावतात. त्याची नोंद टाइप्ड-पाथ्स या शेजारच्या कीमध्ये पाहावी.

वेळांचा गोंधळ इथे हमखास होतो. यंत्राच्या नोंदी पडद्यावर भारतीय वेळेत, पोर्टलच्या आणि क्लाउडच्या बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, पाहुण्याचे स्क्रीनशॉट त्याच्या देशाच्या वेळेत. यूटीसीतले रात्रीचे ७:४० म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे १:१०, तारीखच बदलते. आम्ही एकच तक्ता करतो, त्यात मूळ वेळ आणि भारतीय वेळ असे दोन रकाने. सर्ट-इनचे निर्देश घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायला सांगतात ते याचसाठी. गोव्यात आणखी एक भानगड आहे, पावसाळ्यातली वीज. नोंदींत दोन तासांची पोकळी दिसली की चोराने त्या पुसल्या असं वाटतं. पुसल्या असतील तर सुरक्षेच्या नोंदींत ११०२ ही खूण राहते. वीज गेली असेल तर यंत्र परत चालू होताना ६००८ आणि ४१ येतात. या हॉटेलातली पोकळी विजेचीच होती.

नेलं काय, हा पुढचा प्रश्न. अशा इन्फोस्टीलरला, म्हणजे माहिती चोरणाऱ्या प्रोग्रॅमला, काही मिनिटं पुरतात: ब्राउझरमधल्या कुकीज, साठवलेले पासवर्ड, आपोआप भरले जाणारे तपशील, डेस्कटॉपवरच्या फायली, पडद्याचा फोटो. सगळं एका गाठोड्यात बांधून पाठवतो आणि पुष्कळदा स्वतःला पुसून टाकतो. यांतला सर्वांत पसरलेला लुम्मा. मायक्रोसॉफ्टने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत त्याने बाधित झालेले ३,९४,००० हून जास्त संगणक मोजले. त्याच मे महिन्यात त्याचे सुमारे २,३०० डोमेन जप्त झाले, आणि तरीही काही आठवड्यांत तो परत दिसू लागला. तेव्हा 'ती टोळी पकडली' या बातमीवर विसंबू नये.

म्हणून त्या ब्राउझरमध्ये साठवलेल्या प्रत्येक खात्याची यादी काढली. ती वाचताना मालकाचा चेहरा उतरला. बुकिंग पोर्टलं, चॅनेल मॅनेजर, हॉटेलचं बिलिंग, जीएसटी, बँक, आणि परदेशी पाहुण्यांच्या नोंदणीचा सी-फॉर्म. तो चोवीस तासांत भरावा लागतो, म्हणून पासपोर्टचे स्कॅन डेस्कटॉपवरच्याच एका फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं साठत गेलेले. म्हणजे प्रकरण पैशांपुरतं राहिलं नाही, पाहुण्यांची वैयक्तिक माहिती गेल्याचं ते प्रकरण झालं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती-भंगाची सूचना देण्याची तरतूद त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होते; तेव्हापासून बाधित माणसांना आणि या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब, आणि सविस्तर तपशील ७२ तासांत. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपये. स्कॅन फॉर्म भरल्यावर काउंटरच्या यंत्रावर ठेवायचं कारणच नाही. त्याच दिवशी ते फोल्डर प्रत घेऊन एन्क्रिप्टेड डिस्कवर हलवलं.

यंत्र साफ करत बसायचं नाही, पुसून नव्याने बसवायचं. विंडोजची मूळ फाइल दुसऱ्या स्वच्छ यंत्रावर पेन ड्राइव्हमध्ये घ्यायची. एक धोका आहे: नव्या विंडोजवर जुन्या क्रोम खात्याने साइन-इन केलं की सिंकमधून जुनी एक्स्टेन्शन्स परत येतात, आणि त्यांतलं एखादं वाईट असेल तर सगळी मेहनत फुकट. आधी सिंकचा साठा पुसावा. पासवर्ड बदलण्याचा क्रमही ठरलेला असावा: आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांची 'पासवर्ड विसरलात' ची वाट तिथूनच जाते, मग बँक, मग पोर्टलं, मग उरलेलं.

सीझनच्या गोव्यात एक सवय फार घातक आहे. सगळ्या शिफ्टना मिळून एकच लॉगिन, आणि ओटीपी मॅनेजरच्या फोनवर, तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा. प्रत्येकाला वेगळा वापरकर्ता द्यावा आणि जिथे मिळते तिथे पासकी (पासवर्डऐवजी स्वतःच्या फोनच्या किंवा यंत्राच्या कुलपाने लॉगिन), म्हणजे ग्रुपवर टाकायला काही उरतच नाही. मे संपताना मुलं गावी जातात त्या दिवशीच त्यांची खाती बंद व्हावीत. पगाराच्या हिशोबाच्या कागदावरच तशी एक ओळ ठेवली की ते विसरलं जात नाही.

पुढच्या वेळी हे लवकर कसं दिसेल? काउंटरच्या यंत्रांवर विंडोजच्या गट-धोरणाने (ग्रुप पॉलिसी) रनची चौकट बंद केली, एमएसएचटीए उघडतो त्या एचटीए फायली नोटपॅडमध्ये उघडतील असं केलं आणि प्रशासकाचे अधिकार काढले. रिसेप्शनला यांतलं काहीच लागत नाही. सगळ्या यंत्रांवर सिसमॉन, म्हणजे काय काय चाललं ते टिपणारा प्रोग्रॅम, आणि नोंदी वाझूहकडे, म्हणजे त्या एकत्र करून इशारे देणाऱ्या यंत्रणेकडे. वाझूह मुक्त आहे. पंचवीस यंत्रांपर्यंत चार कोअर, आठ जीबी मेमरी आणि नव्वद दिवसांसाठी पन्नास जीबी जागा असा त्याचा अंदाज असतो. सर्ट-इनला नोंदी १८० दिवसांच्या हव्यात, म्हणून जागा दुप्पट धरावी. मग एक नियम लिहिला: एक्सप्लोररने थेट एमएसएचटीए किंवा पॉवरशेल चालवलं आणि आज्ञेत वेबपत्ता असला, तर तात्काळ इशारा. काउंटरवर असं कायदेशीर काम कधीच होत नाही, त्यामुळे खोटे इशारे जवळपास शून्य. याउलट, अशक्य अंतराहून लॉगिन झाल्याचा जो तयार नियम मिळतो, तो इथे नुसता गलका करतो. मालकाचा एक भाऊ पोर्तुगालमध्ये, मुलगी दुबईत, आणि दोघेही हिशोब पाहतात. तो नियम माणसागणिक लिहावा लागला: काउंटरची खाती फक्त गोव्यातून, घरच्यांची त्यांच्या ठरलेल्या देशांतून.

रात्री झोपेतून उठवावं असे इशारे मोजकेच ठेवले. नोंदी पुसल्या, नवा प्रशासक तयार झाला, अँटिव्हायरस बंद पडला, बॅकअप पुसला गेला, आणि विंडोजच्या व्हीएसएस-ॲडमिन या आज्ञेने शॅडो प्रती, म्हणजे विंडोजने राखलेल्या फायलींच्या जुन्या प्रती, काढून टाकल्या. शेवटचा दिसला तर सहसा काही मिनिटांतच फायली एन्क्रिप्ट होऊ लागतात. इशारा रात्रपाळीच्या माणसाच्या, म्हणजे नाइट ऑडिटरच्या, फोनवर, आणि त्याला एकच अधिकार लेखी दिलेला: न विचारता नेटवर्कच्या स्विचची वीज काढायची.

कारण चोरलेली लॉगिन्स विकली जातात, आणि विकत घेणारा रॅन्समवेअरवाला, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा, असू शकतो. गोव्याने रॅन्समवेअरचा घाव सोसलेला आहे. जून २०२२ मध्ये जलस्रोत खात्याच्या पूर-निरीक्षण यंत्रणेच्या सर्व्हरवरच्या फायली एन्क्रिप्ट होऊन त्यांना ईकिंग हे शेपूट लागलं आणि बिटकॉइन मागितले गेले, तेही ऐन पावसाळ्यात. दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा एन्क्रिप्ट झाला. सरकारने संसदेत दिलेलं कारण नेटवर्कची नीट विभागणी नसणं. जुलै २०२४ मध्ये सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या सी-एज कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा देशातली डिजिटल देवाणघेवाण चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला आपल्या जाळ्यापासून तोडलं आणि सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार थांबले. तिथे बँकांपैकी कुणी काही दाबलेलं नव्हतं. पुरवठादार पडला की आपण पडतो, म्हणून चॅनेल मॅनेजरच्या कंपनीला लेखी विचारलं: तुमच्याकडे घटना घडली तर आम्हाला किती तासांत आणि कोणत्या क्रमांकावर कळवाल? उत्तर यायला वेळ लागला, पण ते करारात घालून घेतलं.

या हॉटेलचा बॅकअप त्याच नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यात, त्याच पासवर्डवर होता. आता एक प्रत क्लाउडमध्ये, ठरावीक मुदतीपर्यंत पुसता न येणारी, आणि एक डिस्क रोज रात्री काढून तिजोरीत. बिलिंगची यंत्रणा कोऱ्या यंत्रावर परत उभी करून पाहिली आणि घड्याळ लावलं. डेटा लवकर आला. सगळा वेळ गेला तो बिलिंग सॉफ्टवेअरच्या लायसन्सची किल्ली शोधण्यात. ती आता छापून तिजोरीत ठेवलीय. वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्यांत हेच काम करताना एक सांभाळावं: यंत्रांच्या पीएलसीवर, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या नियंत्रकांवर, नेटवर्क स्कॅनर सोडू नये. जुनी पीएलसी तेवढ्यानेही अडकते आणि लाइन बंद पडते.

शेवटची जोडणी स्वस्त आणि आमच्या विशेष आवडीची. प्रत्येक पोर्टलवर हॉटेलच्याच एका खोलीचं, पुढच्या तारखेचं, खरं पण रद्द करता येणारं बुकिंग करून ठेवायचं, काल्पनिक नावाने, आणि दुसरीकडे कुठेच न वापरलेल्या वेगळ्या ईमेलवर नि फोन नंबरवर. त्या पाहुण्याला कार्ड पडताळणीचा निरोप आला, की कोणत्या पोर्टलचं खातं फुटलं ते नेमकं कळतं, बहुधा पहिल्या खऱ्या पाहुण्याचा फोन यायच्या आधीच. पोर्टलगणिक नाव वेगळं ठेवायचं. तारीख उलटण्याआधी बुकिंग रद्द करून नवं टाकायचं, नाहीतर न आलेल्या पाहुण्याचं शुल्क लागतं; म्हणून ते काम दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, बॅकअपची चाचणी करणाऱ्याच माणसाकडे दिलंय.